पसरणी घाटात गाडी ओढत नाही : दोष इथेनॉलचा किती, गाडीचा किती?

नमस्कार दादा. वाईहून पाचगणी-महाबळेश्वरला किराणा चढवायचा आणि येताना स्ट्रॉबेरी, गाजर, भाजी उतरवायची, असा तुमचा धंदा. गाडी २०१९ची, बीएस-४, पेट्रोलवरची छोटी पिकअप, ९२,००० किलोमीटर झालेली. आधी लिटरला १६ पडायचे, आता १२.५ पडतात. पसरणी घाट पूर्वी बराचसा तिसऱ्यावर निघायचा, आता दुसऱ्यावर यावे लागते आणि तरी गाडी रडत चढते. एकाने १०० ऑक्टेनचे (इंजिनात अवेळी न पेटणारे) पेट्रोल भरा म्हणून सांगितले, दुसऱ्याने इंजिनाचा कॉम्प्युटर रीमॅप करा (त्यातले इंधन सोडायचे आकडे बदला) म्हणून, आणि तिसरा म्हणतो की हे सगळे इथेनॉलमुळे, आता यावर इलाज नाही.

साताऱ्यात वाढे फाट्याजवळ मी २६ वर्षे गॅरेज चालवतोय. निम्मे गिऱ्हाईक तुमच्यासारखेच, छोटा हत्ती, सुपर कॅरी, बोलेरो पिकअपवाले. गेल्या दोन वर्षांत ही तक्रार इतक्यांदा ऐकली की उत्तर नीट बसून लिहावे असे वाटले. माझे म्हणणे आधीच सांगतो. तुमच्या ॲव्हरेजमधला एक किलोमीटर इथेनॉलने खाल्लाय, ते खरे आहे आणि तो परत येणार नाही. उरलेले अडीच किलोमीटर आणि घाटातली ओढ मात्र बहुधा गाडीतल्या कुठल्यातरी बिघाडाने खाल्ली आहे. तो बिघाड सापडतो आणि दुरुस्तही होतो.

हे कशावरून म्हणतो, ते सांगतो. एक लिटर पेट्रोल जाळले की साधारण ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते. एक लिटर इथेनॉलमधून २१ च्या आसपास, म्हणजे दोन तृतीयांश. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. हिशोब मांडला तर लिटरमागे उष्णता शुद्ध पेट्रोलपेक्षा साडेसहा-सात टक्क्यांनी कमी भरते. आधी १० टक्के मिसळलेले होते, त्याच्याशी तुलना केली तर फरक साडेतीन टक्क्यांचा. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही हाच अंदाज आहे : मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवून १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीचे ॲव्हरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्क्यांनी पडेल, आणि १० टक्क्यांसाठी बनवून २० साठी जुळवलेल्या गाडीचे १ ते २ टक्क्यांनी. तुमची २०१९ ची गाडी पहिल्या गटाच्या जवळची, म्हणून सगळ्यात वाईट बाजू धरू. १६ मधून ६-७ टक्के गेले तर १५ उरतात. तुम्हाला पडतात १२.५, म्हणजे घट २२ टक्क्यांची. एवढी घट करण्याइतके इथेनॉल त्या पेट्रोलमध्येच नाही.

पैशात बघा. महिन्याला ३,००० किलोमीटर धरा आणि पेट्रोल १०५ रुपये धरा. १६ च्या ॲव्हरेजला १८७.५ लिटर लागायचे, १५ ला २०० लागतात, १२.५ ला २४०. इथेनॉलपायी महिन्याला तेराशे रुपये जातात आणि बिघाडापायी बेचाळीसशे. तेराशे रुपये काही थोडे नाहीत, धंद्यात जाणवतात. पण आपण तेराशेवर भांडत बसलोय आणि बेचाळीसशे रोज रस्त्यावर सांडतायत, त्याकडे कुणाचे लक्ष नाही.

आता ओढीचा प्रश्न. तो ॲव्हरेजपासून वेगळा धरायला हवा, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. इंजिनाची ताकद सिलिंडरमध्ये हवा किती येते यावर ठरते. पेट्रोल फक्त त्या हवेच्या मापात सोडायचे असते. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला ९ किलोच पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेत इथेनॉल जास्त जाळता येते, आणि जास्त जाळले की उष्णता जवळपास पेट्रोलइतकीच निघते. त्यातून इथेनॉल उडून जाताना हवा थंड करते आणि त्याचा ऑक्टेनही जास्त असतो. म्हणून इंजिनाला लागेल तेवढे इंधन वेळेवर मिळत असेल तर २० टक्के मिश्रणावर ताकद कमी होत नाही. लिटर मात्र जास्त जळतात. बैलाला कडब्याऐवजी उसाचे वाढे घातले तर पेंढ्या जास्त लागतात, पण पोटभर मिळाले तर बैल नांगर तसाच ओढतो. तसेच हे. पोट भरले नाही तर मात्र चढावर बसतो.

तुमच्या गाडीचे पोट भरत नाहीये, असा माझा अंदाज. इंजिनाच्या कॉम्प्युटरला टाकीत किती इथेनॉल आहे ते कळत नाही. सायलेन्सरच्या पाइपवर ऑक्सिजन सेन्सर असतो, तो धुरात ऑक्सिजन जास्त दिसतोय असे सांगतो, मग कॉम्प्युटर इंजेक्टर जरा जास्त वेळ उघडा ठेवतो. ही जी वाढ तो स्वतःहून करतो, ती स्कॅनरवर टक्क्यांत दिसते, फ्युएल ट्रिम म्हणून. निव्वळ इथेनॉलमुळे ही वाढ साधारण ४ ते ९ टक्के असायला हवी. तेवढी दिसली तर गाडी इथेनॉलशी नीट जुळवून घेतेय. १८, २० दिसली तर दुसरे काहीतरी आहे. बरेच कॉम्प्युटर २५ च्या पुढे हात टेकतात, मग चेक लाइट लागते. आणि घाटात पाय पूर्ण दाबला की बहुतेक गाड्या सेन्सरकडे न बघता ठरलेल्या कोष्टकावर आणि आधी शिकलेल्या आकड्यावर चालतात. पंपाचा दाब नेमका त्याच वेळी कमी पडला तर सावरून घ्यायला कुणी नसते. म्हणून वाई-सातारा रस्त्यावर गाडी बरी वाटते आणि पसरणीत उघडी पडते.

एक गाडी सांगतो. कोरेगाव भागातला एक जण पुण्याच्या मार्केट यार्डात आले घेऊन जातो. २०१८ ची पेट्रोल पिकअप, तक्रार अगदी तुमच्यासारखी. खरे सांगायचे तर पहिल्या वेळी मीही इथेनॉललाच दोष दिला. प्लग बदलले, एअर फिल्टर टाकला, 'आता एवढेच पडणार' म्हणून पाठवून दिले. बारा दिवसांनी तोच माणूस टोचन लावून गाडी घेऊन आला, आल्याच्या गोण्या तशाच वर. त्याचा एक दिवसाचा बाजार गेला होता आणि ती चूक माझी होती. त्या दिवशी मग नीट बसलो. स्कॅनर लावला, आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसते चालू) ट्रिम +६. पोराला ॲक्सिलरेटर धरायला सांगितला, आकडा चढत +२० वर गेला. दाबाचे मीटर लावले. उभ्या गाडीवर ३.४ बार, आणि रस्त्यावर भार देऊन चालवली की सुई हळूहळू खाली येत २.२ वर थांबायची.

टाकी उतरवून पंप बाहेर काढला. पंपाच्या तळाशी कापडी जाळी असते, नवी असताना पांढरी. ती चहाच्या जुन्या गाळणीसारखी तपकिरी आणि ताठ झाली होती. बोट फिरवले की चिकट गाळ हाताला येत होता. वर्षानुवर्षे टाकीच्या आणि पाइपांच्या आत डिंकासारखा थर बसत जातो. इथेनॉल उत्तम धुणारा पदार्थ आहे. तो थर सुटला आणि जाळीवर येऊन बसला. टाकी धुतली, जाळी आणि फिल्टर बदलला, पंप तपासला तर ठीक होता. त्याची गाडी १२ वरून १४.८ वर आली आणि घाटात पूर्वीसारखी निघाली. पूर्वीचे १५.५ परत आले नाहीत, ते येणारही नव्हते. इथेनॉलचा दोष किती आणि कसा असतो, ते मला या एका गाडीने शिकवले. त्याने ताकद खाल्ली नव्हती, जुना गाळ उकरून काढला होता.

त्या दोन आकड्यांतला फरक लक्षात ठेवा, कारण बिघाड कुठे आहे ते तिथेच कळते. आयडलला ट्रिम जास्त आणि रेस दिल्यावर कमी होत असेल तर कुठूनतरी हवा खेचतेय : फाटलेला व्हॅक्यूम पाइप, इंजेक्टरची रिंग, मॅनिफोल्डचे पॅकिंग. आयडलला बरी आणि भारावर चढत असेल तर इंधन पुरत नाही : जाळी, फिल्टर, पंप, नाहीतर तोंड बुजलेला इंजेक्टर. आणि ट्रिम दोन्हीकडे ४ ते ९ मध्येच असेल तर इंधनाचा नाद सोडून द्या, बिघाड बहुधा चाकाकडे नाहीतर क्लचकडे आहे.

ही शक्यता लहान समजू नका. घाटात चालणाऱ्या गाडीचे क्लच आणि ब्रेक आधी जातात. रिकाम्या सपाट रस्त्यावर पाच-सात किलोमीटर जा, ब्रेक शक्यतो न मारता थांबा आणि चारही चाकांच्या डिस्कजवळ, ड्रमजवळ हात न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा तापलेले लागले तर तिथे ब्रेक धरतोय. तो एकटा दीड-दोन किलोमीटर ॲव्हरेज खाऊ शकतो. क्लचसाठी घाटातच बघा : इंजिनाचा आवाज वाढतोय आणि वेगाचा काटा तिथेच आहे, असे होत असेल तर प्लेट संपलीय. टायरची हवा तर तुम्ही बघतच असाल.

काही गोष्टी मला इथून कळणार नाहीत आणि त्यावर बरेच अवलंबून आहे. १६ पडायचे तेव्हा तुम्ही रोज घाटच चढत होता, की सातारा-वाई जास्त करत होता? माल तेवढाच आहे, की बॉडीला फळ्या वाढवल्या? पाऊण टनाच्या गाडीत बारा-तेराशे किलो चढले की १२.५ हे बिघाडाशिवायही पडू शकतात. आणि घाटाचे स्वतःचेही एक गणित आहे. वाई साधारण ७०० मीटर उंचीवर, पाचगणी १,३०० च्या आसपास. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर १०० मीटरला सुमारे एक टक्का कमी होते, कारण हवा विरळ होत जाते. म्हणजे वर पोहोचेपर्यंत नुसत्या उंचीनेच ६ टक्के ताकद गेलेली असते. हे पूर्वीही होतेच, पण आधी गाडीकडे शिल्लक होती म्हणून कळत नव्हते.

ॲव्हरेज मोजायची पद्धतही तपासा. मीटरवरचा काटा किंवा '५०० चे टाकले आणि इतके चालले' हा हिशोब खरा नाही. एकाच पंपावर, गन पहिल्यांदा आपोआप बंद पडेपर्यंत भरा, किलोमीटर लिहा, पुढच्या वेळी तिथेच तसेच भरा. असे तीन वेळा करा आणि वहीत त्या दिवसाचे वजनही लिहा.

इथेनॉल २० पेक्षा जास्त मिसळतात अशी शंका बऱ्याच जणांना असते. ती घरीच तपासता येते. १०० मिलीचे काचेचे मोजपात्र घ्या, २० मिली पाणी आणि ८० मिली पेट्रोल घाला, तोंड बंद करून हलवा, दहा मिनिटे ठेवा. मोकळ्यावर करा, जवळ विडी-काडी नको. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते आणि खालचा थर वाढतो. २० टक्के असेल तर खालची रेघ ३५-३६ च्या आसपास येते. मी साताऱ्यातल्या वेगवेगळ्या पंपांचे पेट्रोल असे बऱ्याचदा बघितले आहे, रेघ तिथेच येते.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर तुमच्या भागासाठी हे महत्त्वाचे. महाबळेश्वरचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. इथेनॉल पाणी धरून ठेवते. थोडे पाणी असेल तर ते विरघळून जळून जाते, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात, आणि पंप तळाशीच असतो. मग गाडी सकाळी चालू होत नाही, झाली तर ठोके खाते. टाकीच्या झाकणाचे रबर बघा, चिरले असेल तर पन्नास-शंभर रुपयांचे काम आहे, आजच करा. पावसाळ्यात गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत दमट हवा आत-बाहेर होत राहते.

२०१९ च्या गाडीचे रबरही बघून घ्या. १ एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे पाइप, सील २० टक्के मिश्रणाला टिकतील असे बनवलेले आहेत. त्याआधीच्यांचे कंपनीनुसार वेगळे. तुमच्या गाडीच्या पुस्तकात किंवा टाकीच्या झाकणामागे काय लिहिले आहे ते वाचा. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास येत असेल, पाइप दाबल्यावर फुगलेला, मऊ लागत असेल किंवा वाकवल्यावर चिरा दिसत असतील तर बदला. बदलताना इंजेक्शनच्या गाडीसाठीचाच पाइप मागा. साधा स्वस्त पाइप टाकून क्लिप आवळली आणि घाटात सुटली तर गाडीला आग लागू शकते, तिथे शंभर रुपये वाचवू नका.

आता तुम्हाला मिळालेले सल्ले. १०० ऑक्टेनचे पेट्रोल साध्याच्या दीडपट भावाच्या घरात जाते. त्यात इथेनॉल नसते असे धरले, तरी सात टक्के ॲव्हरेज मिळवायला पन्नास टक्के जास्त पैसे द्यायचे, हा सौदा माल वाहणाऱ्याचा नाही. शिवाय ज्या इंजिनाचे कॉम्प्रेशन ९१ ऑक्टेनसाठी ठरवलेले आहे त्याला जास्त ऑक्टेनचा उपयोग होत नाही. ९५ वाल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतेच. बाटलीतल्या ॲडिटिव्हने इंजेक्टर थोडेफार साफ होतात, पण इंधनातली कमी उष्णता कुठलीच बाटली परत आणत नाही. रीमॅपला माझा स्पष्ट विरोध आहे. पंपाकडून इंधन कमी पडत असताना कॉम्प्युटरला जास्त माग म्हणून शिकवले तर तो आणखी मागेल, मिळणार तेवढेच. लीन चाललेले, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी मिळणारे, इंजिन दुसऱ्या गिअरवर घाटात तापते आणि हेड गॅसकेट, व्हॉल्व्हपर्यंत काम जाते.

सीएनजी किटचा विचार करणार असाल तर त्यात इथेनॉलचा प्रश्न नाही, पण गॅसवर घाटात ओढ आणखी कमी लागते, हे धरून चला. आणि सीएनजीवाले एक चूक हमखास करतात. पेट्रोल टाकीत पाच लिटर टाकून ठेवतात आणि सहा महिने बघत नाहीत. ते पेट्रोल शिळे होते, पाणी धरते आणि गॅस संपल्यावर नेमके घाटात दगा देते. आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा, टाकी पाव भरलेली ठेवा.

बोलेरो पिकअपवालेही माझ्याकडे इथेनॉलची तक्रार घेऊन येतात. डिझेलमध्ये इथेनॉल मिसळत नाहीत, त्यांनी टर्बोचा पाइप, इंजेक्टर आणि फिल्टर बघावा.

हे सगळे सांगतो म्हणून इथेनॉलची बाजू घेतोय असे समजू नका. माझ्या सासरवाडीला ऊस आहे. इथेनॉलमुळे कारखान्यांकडे पैसा फिरला आणि उसाची बिले वेळेवर निघायला त्याचा हातभार लागला, हे मी जवळून बघितले आहे. पण लिटरमागे उष्णता कमी मिळते आणि भाव तोच राहतो, ही गाडीवाल्याची तक्रार रास्त आहे आणि ती मांडलीच पाहिजे. ब्राझीलमध्ये २७ टक्के इथेनॉल वर्षानुवर्षे चालले, १ ऑगस्ट २०२५ पासून ते ३० केले, पण तिथल्या बहुतेक गाड्या त्यासाठीच घडवलेल्या असतात. आपल्याकडे जुन्या गाडीचा माणूस स्वतःच्या खिशातून फरक भरतोय.

तर तुम्ही असे करा. आधी चाके आणि क्लच तपासा, त्याला पैसे लागत नाहीत. मग ज्याच्याकडे स्कॅनर आणि दाबाचे मीटर दोन्ही आहे अशा गॅरेजला जा आणि आयडलची ट्रिम, भारावरची ट्रिम आणि भारावरचा दाब हे तीन आकडे लिहून घ्या. मेकॅनिकने आकडे न बघता पंप बदलायचे सांगितले तर थांबा. जाळी साफ करून, बदलून काम होत असेल तर नव्या पंपाचे पैसे कशाला? दाब जाळी बदलूनही पडत असेल तरच पंप. स्ट्रॉबेरीचा हंगाम नोव्हेंबरअखेरपासून जोर धरतो, त्याआधी हे उरकून घ्या, कारण नाशवंत मालाची गाडी घाटात उभी राहिली तर नुकसान दुरुस्तीच्या दहापट. तीन आकडे मिळाले की इथे लिहा, सोबत गाडीचे मॉडेल आणि त्या दिवशीचे वजनही. बघून सांगतो.